भट्टीला वारा कोण घालणार?



या सदरातून आपण शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, बचतगटाचे हिशेब, मुलांचे प्रवेश असे घरोघरी उपयोगी पडणारे विषय घेत असतो. आजचा विषय जरा निराळा आहे. लोहाराच्या भट्टीला वारा घालणारे यंत्र, ज्याला बाजारात ब्लोअर म्हणतात, ते कमी पैशात कोठे मिळते, कोणते घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हा तो विषय. दिवसभर खातेवहीत डोके घालून बसणाऱ्या कारकुनाने लोहाराच्या भट्टीत नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण एका लहान मुलीची शाळा हे आहे.

आचोळे हे नालासोपारा पूर्वेचे जुने गाव. गावाचा तलाव अजून आहे. बाकी चहूकडे चाळी, इमारती आणि दुकाने झाली. २००९ साली येथे वसई-विरार महानगरपालिका आली, २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. पण रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून घिसाडी कुटुंब भट्टी लावते, ते दृश्य आमच्या लहानपणी जसे होते तसेच आहे. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, बाजूला ऐरण. नवरा सांडशीने लाल लोखंड धरतो व लहान हातोड्याने घावाची जागा दाखवतो. बायको उभी राहून त्या जागी घण घालते. आणि भट्टीशेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी बसलेली असते. ती एका हाताने लोखंडी चाकाची मूठ फिरवते, दुसऱ्या हाताने धाकट्या भावाला विस्तवापासून दूर धरते. चाक फिरले की पट्ट्याने आतला पंखा फिरतो आणि नळीतून वारा कोळशात जातो. पूर्वीचा कातड्याचा भाता जाऊन हा हाताने फिरवायचा ब्लोअर आला, तरी त्यांच्या घरात त्याला अजून भाताच म्हणतात.

आमच्या विहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. तेथील कार्यकर्त्यांनी या मुलीला शाळेत घालावे म्हणून तिच्या वडिलांची भेट घेतली. आम्हीही बरोबर होतो. गृहस्थाने सर्व ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, पाठवतो की. पण ही शाळेत गेली तर भट्टीला वारा कोण घालणार?"

अशा वेळी ऐकवायला आम्हा कार्यकर्त्यांकडे पुष्कळ वाक्ये तयार असतात. पण त्याचा प्रश्न खरा होता आणि खऱ्या प्रश्नाला भाषण हे उत्तर होत नाही. एकटा लोहार स्वतः मूठ फिरवून, मग उठून घाव घालू शकतो, नाही असे नाही. परंतु त्यात दिवसाचे काम अर्ध्यावर येते. या लोकांच्या भट्टीत एका वेळी दोन-तीन नग तापत असतात. एक ऐरणीवर, दुसरा होत आलेला, तिसरा नुकताच घातलेला. विळे, कोयते, गवंड्याच्या छिन्न्या, खोदकाम करणाऱ्यांच्या पहारी. गिऱ्हाईक समोर उभे असते आणि त्याला घाई असते. वारा थांबला की तिन्ही नग थंड.

कायदा काय म्हणतो तेही येथे सांगितले पाहिजे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला ठेवण्यास बंदी आली. मात्र त्याच दुरुस्तीत एक फट आहे. कुटुंबाच्या धंद्यात, तो धोक्याचा नसेल तर, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलाने मदत करण्यास मुभा ठेवली आहे. रस्त्याकडेच्या भट्टीवर शाळा सुटण्याची वेळ पाहून कोण मूठ सोडतो? ज्यांचा धंदा बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलीकडे जन्मानेच जातो, त्यांच्या बाबतीत ही मुभा म्हणजे जुन्या चाकोरीला दिलेली परवानगीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून आम्ही ठरवले की मुलीच्या जागी बसेल असे यंत्र शोधायचे, आणि तेही त्या कुटुंबाला परवडेल असे. पुढचे सात-आठ रविवार आमचे त्यात गेले.

आधी वारा म्हणजे काय ते समजून घेऊ. कोळसा उघड्यावर पेटवला तर लोखंड जेमतेम काळपट लाल होते. त्याला आकार द्यायचा तर ते नारिंगी-पिवळे व्हावे लागते, म्हणजे सुमारे १००० ते ११०० अंश सेल्सिअस. तेवढी आच कोळशाच्या पोटात वारा कोंबल्याशिवाय येत नाही. ही गोष्ट माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची भट्टी सापडली, तिच्याबरोबर वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्याही सापडल्या. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात भगवंतांनी आपल्या उग्र तपश्चर्येचे वर्णन करताना, श्वास कोंडल्यावर कानातून निघणाऱ्या आवाजाला लोहाराच्या भात्याची उपमा दिलेली आहे. म्हणजे भात्याचा तो सूंऽसूं आवाज तेव्हाच्या ऐकणाऱ्याच्या रोजच्या ओळखीचा होता. गावगाड्यात लोहार बारा बलुतेदारांत होता आणि त्याच्या भात्याला लागणारे कातडे कमावणारा ढोरही गावचाच होता. ज्या भात्यावर गावाची शेती चाले, त्याचे कातडे कमावणाऱ्याला मात्र गाव शिवू देत नसे. असो.

आता मुख्य मुद्दा. भट्टीला नुसता भरपूर वारा चालत नाही, दाब असलेला वारा लागतो. टेबलफॅन पुष्कळ वारा देतो, पण त्याच्या तोंडावर पुठ्ठा धरा, वारा बाजूने मागे फिरतो. कोळशाच्या थरातून वाट काढण्याची ताकद त्यात नसते. म्हणून स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट फॅन, संगणकातील चौकोनी पंखा, कूलरचा पंखा यांच्या नादी लागू नये. ते कितीही स्वस्त मिळाले तरी महागच. भट्टीला लागतो तो गोगलगाईच्या शंखासारख्या घराचा ब्लोअर. त्यात मधून हवा आत शिरते, पात्यांचे चक्र ती कडेला फेकते आणि एका अरुंद तोंडातून ती जोराने बाहेर पडते. भंगाराच्या दुकानात ओळखण्याची हीच खूण आहे. शंखासारखे घर दिसले तर थांबावे, सरळ पाती दिसली तर पुढे चालावे.

पहिल्या रविवारी आम्ही लोकलने मुंबईला गेलो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीचे नाव ऐकून होतो. तेथे आता लोहार औषधाला नाही. सगळी गल्ली वायर, स्विच आणि दिव्यांची. तेथून नागदेवी स्ट्रीटला गेलो. हत्यारे आणि यंत्रांचा हा मोठा बाजार, येथे ब्लोअर रांगेने मांडलेले होते. पण दुकानदाराने आमच्यापुढे ठेवले ते अर्ध्या आणि एक अश्वशक्तीचे, कारखान्यात चालणारे. त्याने विचारले, "किती इंची तोंड पाहिजे?" आम्हाला सांगता येईना. आमच्याबरोबर आलेल्या मित्राचा वालीवला वेल्डिंगचा गाळा आहे, तो म्हणाला, "दोन इंची." तेव्हा दुकानदाराने मागच्या फळीवरून एक छोटा डबा काढला. हॉटेलातल्या कोळशाच्या भट्टीला, तंदूरला, हलवायाच्या चुलीला लावतात तो हा ब्लोअर. पत्र्याचे किंवा ओतीव घर, घरातल्या साध्या विजेवर चालणारी छोटी मोटार, तोंड दोन इंचांच्या आसपास. असे छोटे ब्लोअर हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतात. भाव दुकानागणिक बदलतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्यावा. रस्त्याकडेच्या भट्टीला पन्नास ते शंभर वॅटचा ब्लोअर पुरतो. विळे-कोयत्यांच्या कामाला याहून मोठा घेण्यात अर्थ नाही.

आमच्या मते ज्याच्याकडे विजेची रीतसर जोडणी आहे, त्याने दुसरा विचार न करता हाच घ्यावा. नवाच घ्यायचा नसेल तर बंद पडलेल्या हॉटेलांचे सामान जेथे विकले जाते तेथे तो निम्म्या किमतीतही मिळू शकतो.

पण "आणखी स्वस्त काही नाही का?" हा प्रश्न आपल्या लोकांना पडणारच, आम्हालाही पडला. तेव्हा लोक काय काय वापरतात ते सांगतो.

केस वाळवण्याचे यंत्र, म्हणजे हेअर ड्रायर, बऱ्याच घरी पडून असते. त्याचा वारा लहान भट्टीला पुरतो हे खरे. परंतु त्यातील तापणारी तार काढून टाकून मोटार सरळ विजेला जोडण्याचा उद्योग कोणी करू नये. पुष्कळ हेअर ड्रायरमध्ये मोटार कमी दाबाच्या विजेवर चालणारी असते आणि त्या तापणाऱ्या तारेतूनच तिला बेताची वीज मिळते. तार तोडली की मोटार तत्काळ जळते. तार ठेवली तर हजार वॅट वीज उगाच तापण्यात जाते. शिवाय त्याचे तोंड प्लास्टिकचे, विस्तवाजवळ वितळणारे.

संगणक आणि एसी साफ करणारे हातात धरायचे ब्लोअर मिळतात, साधारण सहाशे वॅटचे. किंमत हॉटेलवाल्या ब्लोअरइतकीच किंवा थोडी कमी. वारा जबरदस्त. पण ते दहा-पंधरा मिनिटे चालवण्यासाठी केलेले असतात. दिवसभर चालवले तर आतले कार्बन ब्रश झिजतात आणि मोटार तापते. आणि आवाज असा की शेजारचा दुकानदार दुसऱ्याच दिवशी भांडायला येईल. व्हॅक्यूम क्लीनरचेही तेच, वर तो निखारे उडवून गिऱ्हाइकाच्या पायावर टाकतो.

येथे आमच्यातला बी. कॉम. जागा झाला, म्हणून हिशेब देतो. दिवसाला सहा तास ब्लोअर चालला असे धरा. शंभर वॅटचा ब्लोअर पाऊण युनिटाच्याही आत राहतो, नेमके म्हणजे ०.६ युनिट. सहाशे वॅटचा हातातला ब्लोअर त्याच वेळात ३.६ युनिट खातो, म्हणजे सहापट. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एकीकडे १५ युनिट, दुसरीकडे ९०. दुकानात वाचवलेले दोन-तीनशे रुपये पहिल्या-दुसऱ्या बिलातच संपतात. वस्तूची किंमत पाहणारे पुष्कळ असतात, वस्तू वापरण्याची किंमत पाहणारे थोडे.

भंगारातील सर्वांत चांगला माल आम्हाला सापडला तो स्वयंपाकघरातील विजेच्या चिमणीत. वसई-विरारमध्ये इतक्या नव्या इमारती झाल्या, त्यांतील चिमण्या जुन्या होऊन आता भंगारात येऊ लागल्या आहेत. वरची काच फुटलेली असते, बटणे बंद असतात, पण आतला शंखाच्या घराचा ब्लोअर पुष्कळदा ठणठणीत असतो. साधारण दीडशे-दोनशे वॅट, कार्बन ब्रश नसलेली मोटार, त्यामुळे झीज कमी. भंगारवाला तो वजनावर देतो. आमच्या वस्तीतील आय.टी.आय. झालेल्या एका तरुणाने असा ब्लोअर घेऊन गाळ्याच्या मागे स्वतःची छोटी भट्टी केली. ट्रकच्या चाकाची जुनी ब्रेकची डिश हे भट्टीचे भांडे, खालून लोखंडी नळी, आणि मोठ्या तोंडावरून दोन इंचावर येणारा पत्र्याचा शंकू. तो आता गेटची नक्षी, जिन्याचे कठडे यांना लागणारे वळणदार तुकडे स्वतः तापवून वळवतो, विकत आणत नाही. एक सूचना मात्र करावीशी वाटते. चिमणीच्या ब्लोअरमध्ये वर्षानुवर्षांचे तेल साठलेले असते. ते सोड्याच्या गरम पाण्याने पाती आणि घर घासून पूर्ण काढल्याशिवाय तो विस्तवाजवळ नेऊ नये, पेट घेईल. पाणी मोटारीत जाऊ देऊ नये हे सांगायला नकोच.

एवढे सगळे झाले, हॉटेलवाला ब्लोअर ठरला, आणि मग लक्षात घेण्यासारखी खरी अडचण पुढे उभी राहिली. ताडपत्रीखाली वीज कोठली? पत्ता नाही म्हणून मीटर नाही. वरून जाणाऱ्या तारेवर आकडा टाकण्याचा सल्ला देणारे शहाणे दोन तासांत चार भेटले. आकडा टाकणे ही २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली चोरी आहे. आणि भटक्या माणसावर असा गुन्हा लागला की तो पुढे किती वर्षे त्याच्या मागे लागतो हे ज्यांच्या बापजाद्यांनी भोगले त्यांनाच ठाऊक. त्या गृहस्थाने आमच्यादेखत त्या सल्लागारांना हात जोडले. त्याचा आम्हाला आदर वाटला.

मग मोटारगाडीचा विचार आला. गाडीत काचेवर आणि पायाकडे वारा सोडणारा एक छोटा ब्लोअर असतो, तोही शंखाच्या घराचाच आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या कडेच्या गॅरेजांतून आणि कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून तो मिळतो. आम्ही घेतला तो महामार्गावरच, एका मोडलेल्या गाडीतला. पूर्ण वेगात तो सुमारे आठ अँपिअर वीज घेत होता. आता पुन्हा हिशेब. बारा व्होल्टची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी, ती अर्ध्याहून खाली उतरवायची नाही असे धरले, तर सलग दोन तासांच्या थोडा वर वारा मिळतो. दोन तासांत दिवस कसा निघणार? यावर तोड वेल्डिंगवाल्या मित्राने काढली. पायाने दाबायचे बटण. पाय ठेवला की वारा, पाय उचलला की बंद. वारा खरोखर लागतो तो वेळेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात. लोखंड ऐरणीवर असताना भट्टी फुंकत बसण्याचे कारण नाही. म्हणजे दोन तासांचे सहा तास झाले. मूठ फिरवणारी मुलगी हेच करीत होती. बापाने नुसती मान हलवली की ती थांबे, पुन्हा हलवली की सुरू होई. ते काम आता बापाच्या स्वतःच्या पायाकडे गेले.

बॅटरी घेताना गाडीची जुनी बॅटरी घेऊ नये. ती गाडी सुरू करताना क्षणभर मोठा झटका देण्यासाठी केलेली असते, रोज खोलवर उतरवली की महिन्या-दोन महिन्यांत मरते. घरच्या इन्व्हर्टरची किंवा ई-रिक्षाची बॅटरी या कामाला टिकते. चार्जिंगसाठी चाळीतील एका कुटुंबाने रात्री जागा दिली. वीज लागते ती रोज अर्ध्या युनिटाच्या आत. त्याचे महिन्याचे पैसे ठरवून, ते बिलाआधीच द्यायचे असे आम्ही मध्ये बसून ठरवले. उपकार म्हणून दिलेली वीज केव्हा तोडली जाईल सांगता येत नाही, ठरवून घेतलेली टिकते. शंभर वॅटची सौर पाटी लावूनही दिवसाला साधारण एवढी वीज मिळू शकते. पण फिरत्या कुटुंबाने ती जपायची कशी, आणि पावसाळ्यात काय करायचे, म्हणून ते सध्या बाजूला ठेवले आहे.

आता शाळेबाबत. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातील काही कलमे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात हवीत. कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावे लागते आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास शिकवावे लागते. कलम १४ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ प्रमाणे वर्ष सुरू होऊन गेले तरी प्रवेश मिळतो. आणि भटक्या कुटुंबांना सर्वांत महत्त्वाचे कलम ५, ज्यात मूल दुसरीकडे जाताना शाळेने बदलीचा दाखला लगेच द्यायचा आहे, आणि तो यायला उशीर झाला तरी नव्या शाळेने मुलाला थांबवून ठेवायचे नाही. हे कुटुंब पावसाळ्याआधी बहुधा दुसऱ्या गावी जाईल. जाताना दाखला घेऊन जा, हे आम्ही आईला तीनदा सांगितले आहे. बापाला सांगून उपयोग नाही, कागद ती सांभाळते.

शनिवार-रविवारी मुलगी अजून कधी कधी ती जुनी मूठ फिरवताना दिसते. बॅटरी कमी भरली असेल किंवा काम जास्त आले असेल. हे लपवण्याचे कारण नाही. आणि दुसरीही गोष्ट सांगतो. मुलीच्या हातातील मूठ सुटली, पण आईच्या हातातील घण सुटलेला नाही. वारा घालणारी शंभर यंत्रे बाजारात आहेत. घण मारणारे यंत्र, ज्याला पॉवर हॅमर म्हणतात, ते या कुटुंबाच्या आवाक्यात यायला बराच अवकाश आहे. दिवसाकाठी शेकडो घाव घालणाऱ्या त्या बाईने आम्हाला विचारले, "भाऊ, माझ्यासाठी पण बघा की काहीतरी." ती हसून बोलली, पण गमतीने बोलली नाही.

पैशाचा मार्ग कोणता? १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत आणि त्यांत लोहार आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे व्हाउचर, आणि तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी तिची रचना आहे. वय १८ पूर्ण हवे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते. आधार, मोबाइल क्रमांक, बँक खाते व रेशनकार्ड मागतात. येथेच आपले भटके बांधव अडकतात. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ साली दिलेल्या अहवालात भटक्या-विमुक्तांच्या कागदपत्रांचा आणि राहण्याच्या पत्त्याचा प्रश्न मांडला होता. ताडपत्रीखाली तो आजही तसाच भेटतो. महाराष्ट्रात घिसाडी भटक्या जमाती (ब) मध्ये आहेत, परंतु त्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातील पुरावा मागतात. ज्याचा आजा बैलगाडीतून गावोगाव फिरला त्याने तो कोठून आणायचा? म्हणून आमचा सल्ला असा की आधी रेशनकार्ड करून घ्यावे, योजनेचा अर्ज भरावा, आणि दाखल्याची लढाई वेगळी चालू ठेवावी. एकासाठी दुसरे अडवून धरू नये. आपल्या वस्तीतील शिकलेल्या मुलांनी एक दिवस काढून अशा कुटुंबाबरोबर सेंटरवर जाऊन बसले, तर अर्ज त्याच दिवशी भरला जातो असा अनुभव आहे. एकटा गेला तर त्याला उद्या ये म्हणतात.

आता भट्टी घरी किंवा गाळ्यात लावणाऱ्यांसाठी सावधगिरीच्या काही गोष्टी, कारण त्या न सांगता ब्लोअरची माहिती देणे बरोबर होणार नाही. ब्लोअर भट्टीला चिकटून बसवू नये. मध्ये हात-दीड हात लोखंडी नळी ठेवावी. प्लास्टिकची नळी वितळते. पाण्याच्या कामाची जस्त चढवलेली पांढरी नळी विस्तवाजवळ लावली तर जस्ताचा धूर निघतो आणि त्याने थंडी-तापासारखे दुखणे येते. काळी लोखंडी नळीच घ्यावी. नळीत पत्र्याची सरकती झडप ठेवावी म्हणजे वारा कमी-जास्त करता येतो. जादा वाऱ्याने आच वाढते हे खरे, पण लोखंडाची खपलीही वाढते, आणि नग पांढरा होऊन ठिणग्या फेकू लागला तर तो जळाला असे समजावे. मग त्याचा विळा होत नाही. ब्लोअर बंद असताना कोळशाचा वायू नळीत मागे शिरतो आणि पुन्हा सुरू करताच फट्ट आवाजाने पेटतो. म्हणून थांबताना झडप बंद करावी आणि सुरू करताना नळीचे राख काढण्याचे तोंड आधी उघडून वारा जाऊ द्यावा. बंद खोलीत कोळशाची भट्टी कधीही लावू नये; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो. घरच्या विजेवरील ब्लोअरला अर्थिंगची तिसरी तार असलीच पाहिजे.

आणि आचोळ्यापुरते एक. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या होत्या, तेव्हा रस्त्यांचे काय झाले ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. भट्टी जमिनीत असली तरी ब्लोअर आणि बॅटरी जमिनीवर ठेवू नये. दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर फळी टाकून कमरेइतक्या उंचीवर ठेवावी, वर ताडपत्रीचा वेगळा तुकडा बांधावा. आम्ही त्या कुटुंबाला फळी देऊन आलो. पुढच्या वेळी गेलो तेव्हा बॅटरी फळीवर होती, आणि फळीच्या उरलेल्या जागेवर दप्तर ठेवलेले होते.